जखमी मनाचा निर्णय कोणी करावा?



घरातले मूल तापाने फणफणले म्हणजे आपण काय करतो? कपाळावर हात ठेवतो, कुठे दुखते ते विचारतो आणि उजाडताच डॉक्टरकडे नेतो. त्या तापाचा दोष कोणी मुलाच्या माथी मारीत नाही. पण त्याच मुलाचे मन एखाद्या आघाताने पोळले, ते रात्री दचकून उठू लागले, शाळेत जाईनासे झाले, कोणी हात लावला तर अंगावर धावून येऊ लागले, म्हणजे आपली भाषा बदलते. 'हट्टी झालाय,' 'नाटकं करतोय,' 'बाहेरची बाधा आहे,' असे आपण म्हणतो. आणि थोडी समजूतदार मंडळी असतील तर ती एकत्र बसून त्या मुलाचे पुढे काय करायचे ते ठरवून टाकतात. मुलाला मात्र कोणी विचारीत नाही.

अशा समजूतदार मंडळींत मी स्वतः एकदा बसलो होतो. म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हमरापूर भागातल्या एका वस्तीत एक कर्ता माणूस महामार्गावरच्या अपघातात गेला. त्याची तेरा वर्षांची मुलगी तेव्हा त्याच्याबरोबर होती. तिने सर्व डोळ्यांनी पाहिले. घरात आई आणि एक लहान भाऊ उरला. आई गणपतीच्या कारखान्यात रोजाने रंगकाम करी. तेराव्या-चौदाव्या दिवशी आम्ही पाच-सहा जण विहारात जमलो. मुलगी हुशार आहे, तिला वसतिगृहात घालू, फी आपण भरू, कपडे-वह्या आपण देऊ, असे ठरले. कोणाच्याही मनात पाप नव्हते. आईने मान डोलावली. मुलगी कोपऱ्यात बसून होती. तिला आम्ही ठरलेले तेवढे सांगितले.

चौथ्या दिवशी ती पायी आणि एस.टी.ने परत आली. आमच्यापैकी एकाने तिला 'करंटी' म्हटले. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला आजही बोचते. वस्तीतली एक म्हातारी मात्र तिच्याजवळ जाऊन बसली. 'का आलीस?' असे तिने विचारले नाही. तिने विचारले, "बाय, राती झोप लागली का गं तुला तिकडं?" एवढ्यावर ती मुलगी बोलू लागली. आई रात्री उठून रस्त्याकडे चालत जाते, हे तिने सांगितले. लहान भावाला तिचा हात धरल्याशिवाय झोप लागत नाही. आणि वसतिगृहाच्या खिडकीतून रात्रभर ट्रकचे आवाज येत होते.

आम्ही सहा शहाण्यांनी तिचे भवितव्य ठरविले होते, पण तिची रात्र कशी जाते हे आम्हांपैकी एकालाही ठाऊक नव्हते!

यातून उभा राहणारा प्रश्न हा केवळ व्यवहाराचा नाही, नीतीचा आहे. जे माणूस आघाताने मोडले आहे, त्याच्या मनाचा निर्णय कोणी करावा? जाणत्यांनी, डॉक्टरांनी, समाजाच्या पुढाऱ्यांनी? की त्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी?

जखम किती काळ राहते?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, लहानपणी बसलेला घाव आपोआप बुजत नाही. 'लहान आहे, विसरून जाईल' हे आपले आवडते वाक्य आहे, आणि ते खोटे आहे.

याचा पुरावा आपल्याला दूर शोधावा लागत नाही. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी भीमराव हा लहान मुलगा आपल्या भाऊ व भाच्यांसह निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळली, आणि गाडीवान त्यांना गाडीत घेईना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याची अट मान्य करून ती मुले निघाली. रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. पुढे हा मुलगा जगातल्या मोठ्या विद्यापीठांतून पदव्या घेऊन आला. तरीही तीस-पस्तीस वर्षांनंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी लिहिताना बाबासाहेबांनी ही घटना बारीकसारीक तपशिलांसह लिहिली. बाबासाहेबांसारख्या महापुरुषाच्या मनावरून ती पुसली गेली नाही. मग आपल्या लेकरांच्या मनावरून ती आपोआप पुसली जाईल अशी आशा आपण कोणत्या आधारावर करतो?

शास्त्रही आता हेच सांगते. अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. फेलिटी व डॉ. आंडा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, अत्याचार, घरातले व्यसन, आईवर होणारा जुलूम असे अनुभव ज्यांच्या वाट्याला जितके अधिक आले होते, तितके त्यांच्यात पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारासारखे आजारही अधिक आढळले. १९९८ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. त्यानंतर उपचार करणाऱ्यांचा प्रश्नच बदलू लागला. 'तुझे काय बिघडले आहे?' या प्रश्नाऐवजी 'तुझ्यावर काय ओढवले?' असे विचारावे, हे मान्य झाले. पहिल्या प्रश्नात आरोप आहे, दुसऱ्यात ओळख आहे. त्या म्हातारीने शास्त्र वाचले नव्हते, पण तिने योग्य तोच प्रश्न विचारला होता.

आपल्या रायगड जिल्ह्याला तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी ही ठाकर बांधवांची वाडी डोंगराखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबला. त्या वाडीची काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्या मुलांचा विचार करा. ज्यांचा देहही पाहता आला नाही अशा आईबापांसाठी रडायचे कसे? आपण तेथे नव्हतो म्हणून वाचलो, या विचाराचे ओझे वाहायचे कसे? अशा वेळी घर, धान्य, पैसा हे सर्व द्यावेच लागते. पण एवढे दिले म्हणजे काम संपले असे नव्हे.

पटाचारेजवळ भगवंत काय बोलले?

बौद्ध परंपरेत पटाचारेची कथा आहे. सापाच्या दंशाने तिचा नवरा गेला. नवजात बालक ससाण्याने उचलले, थोरला मुलगा नदीच्या पुरात वाहून गेला. माहेरी जावे तर तेथे वादळपावसात घर कोसळून आईबाप आणि भाऊ एकाच चितेवर जळत होते. तिच्या अंगावर वस्त्र राहिले नाही आणि मनावर ताबा राहिला नाही. लोक तिला वेडी म्हणत, तिच्यावर कचरा आणि ढेकळे फेकीत. ती भटकत जेतवनात आली तेव्हा जमलेल्यांनी तिला अडवू पाहिले. भगवंतांनी त्यांना थांबविले आणि तिला येऊ दिले.

त्यानंतरचा क्रम नीट पाहा. पहिली गोष्ट, तिला जवळ येण्याची मुभा मिळाली. म्हणजे जागा सुरक्षित झाली. दुसरी, भगवंतांनी तिला बहीण म्हणून हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. तिसरी, एका उपासकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. म्हणजे तिची अब्रू तिला परत मिळाली. चौथी, तिने आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि ती ऐकून घेतली गेली. उपदेश आला तो या सर्वांनंतर. आपण मात्र उलटे करतो. आधी उपदेश करतो, ऐकायला वेळच उरत नाही.

आणि या कथेचा शेवट तर अधिक महत्त्वाचा आहे. पटाचारा कोणाच्या दयेवर जगणारी दुःखी बाई होऊन राहिली नाही. ती भिक्खुणीसंघात विनयाची श्रेष्ठ जाणकार झाली, आणि ज्यांची मुले गेली अशा शोकाकुल स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. जी जखमी होती ती जखमा बांधणारी झाली.

दया आणि मैत्री

येथे आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. दया आणि मैत्री यांत फरक आहे. दया वरून खाली येते. देणारा उभा असतो, घेणारा बसलेला असतो. काय द्यायचे, किती द्यायचे आणि घेणाऱ्याने कसे वागायचे हे देणाराच ठरवितो. मैत्री एका पातळीवर बसल्याशिवाय होत नाही. आपल्या समाजाला हा फरक शिकविण्याची गरज नाही. ओंजळीत वरून पाणी ओतून घेण्याची चव आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांबरोबर लोक चवदार तळ्यावर गेले ते कोणी पाणी वाढावे म्हणून गेले नाहीत, आपल्या हाताने घेण्यासाठी गेले. जो समाज आपल्या हाताने पाणी घेण्यासाठी मार खातो, त्याने आपल्याच दुःखी मुलांना वरून ओतून पाणी पाजावे काय?

अमेरिकेतल्या एका सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१४ साली आघाताची जाण ठेवून सेवा कशी करावी याची सहा तत्त्वे मांडली. सुरक्षितता, विश्वास व उघडपणा, समदुःखी माणसांची साथ, बरोबरीचे सहकार्य, आपले म्हणणे मांडण्याचा व निवडीचा अधिकार, आणि त्या माणसाच्या समाजाचा इतिहास, संस्कृती व स्त्री-पुरुष भेद यांची जाण. ही तत्त्वे वाचताना मला त्या विहारातली आमची बैठक आठवली. आमच्या बैठकीत करुणा होती, बरोबरी नव्हती. आणि समतेवाचून करुणा पांगळी असते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, लहान मुलाला काय कळते? त्याचे हित मोठ्यांनाच कळते. यात थोडे सत्य आहे. मूल सर्व निर्णय करू शकत नाही. पण त्याचे म्हणणे ऐकणे आणि सगळा निर्णय त्याच्यावर टाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलाला आपले मत सांगण्याचा आणि त्या मताला वयानुसार वजन मिळण्याचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मान्य केले आणि भारताने १९९२ साली ती स्वीकारली. आपल्या देशाच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मुलाच्या सहभागाचे तत्त्व आहे. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असेही तो कायदा सांगतो. वसतिगृहे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले, आणि अशा वसतिगृहांतून आपल्या पिढ्या शिकल्या. पण शिकायला जाणे वेगळे आणि ताज्या दुःखातून उचलून नेले जाणे वेगळे.

दुसरा आक्षेप असा की, पुष्कळ वेळा घरच जखम करणारे असते, मग घराला भागीदार कसे करावे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पळवाट काढता कामा नये. ज्या घरात बाप दारू पिऊन मारतो, ज्या घरात नात्यातलाच माणूस मुलीवर हात टाकतो, तेथे 'घरची अब्रू' सांभाळण्याचा सल्ला देणारा धम्मबांधव नव्हे, तो गुन्ह्याचा साथीदार होय. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसासमोर घ्यावा अशी सोय केली आहे. 'मुलाचा विश्वास असलेला माणूस' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कुटुंब म्हणजे केवळ रक्ताचे नाते नव्हे. ती आजी असेल, मावशी असेल, शेजारीण असेल. ज्याच्याजवळ मुलाला निर्भय वाटते, तोच खरा भागीदार.

तिसरा आक्षेप असा की, बोलल्याने जखम उघडी पडते, म्हणून गप्प राहावे. येथे दोन्ही टोके चुकीची आहेत. 'सांग, काय झाले ते सगळे सांग' म्हणून मुलाच्या मागे लागणे हा दुसरा आघात होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार देण्याविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिचे सार पाहा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या या तीन शब्दांत आहे. बोलण्याची बळजबरी करू नये, असे ती स्पष्ट सांगते. दार उघडे ठेवावे, ओढून बाहेर काढू नये.

याच्या जोडीला आणखी एक जुनी पिडा आहे. धम्मदीक्षा घेतली, घरातले देव्हारे गेले, पण 'मागच्या जन्माचे भोग' आणि 'पांढऱ्या पायाची' हे शब्द पुष्कळांच्या जिभेवरून गेलेले नाहीत. आघात झालेल्या मुलीला 'तुझ्या पायगुणाने बाप गेला' असे म्हणणे याहून क्रूर काय असेल? माणसाचे आजचे दुःख हे गतजन्मीच्या पापाचे फळ आहे, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. कारण हाच विचार पिढ्यान्पिढ्या अन्यायाचे समर्थन करीत आला. आणि अंगात आले म्हणून मुलाला मारणाऱ्या, धुरी देणाऱ्या भगताकडे नेणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे.

आपल्याच मातीतला दाखला

घराला बरोबर घेऊन उपचार करणे ही परदेशी कल्पना आहे असे कोणी समजू नये. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनी माणसाइतकाच त्याच्या बायकोच्या मनाचा विचार होतो, कारण त्या संसारात मार तिच्याही मनाला बसलेला असतो. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे पुढच्यांना हात देतात. पटाचारेच्या कथेचे हे आजचे रूप नव्हे काय?

कायदाही आता घराला दाराबाहेर उभे करीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला उपचारासाठी दाखल केले तर त्याचा पालक अथवा सोबतीण त्याच्याजवळ राहिली पाहिजे. तेव्हा डॉक्टरने 'तुम्ही बाहेर थांबा' म्हटले तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. मुलाला काय औषध देता, कशासाठी देता, त्याचा त्रास काय होईल, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. आणि डॉक्टरलाही तुमची गरज आहे. मूल किती वाजता दचकून उठते, कोणत्या आवाजाने घाबरते, कोणाच्या कुशीत शांत होते, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते फक्त घराला ठाऊक असते.

मग आपण काय करावे?

एक. आघातानंतर मुलाचा दिनक्रम मोडू देऊ नका. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी झोप, जवळ ओळखीचे माणूस. खोटे आश्वासन देऊ नका. जे गेले ते 'गावाला गेले' असे सांगू नका.

दोन. मुलाविषयी काही ठरवायचे असेल तर त्याच्यासमोर ठरवा आणि त्याला आधी बोलू द्या. 'नाही' म्हणण्याची मुभा द्या.

तीन. आईबापांनाही विचारा. जी आई रात्री रस्त्याकडे चालत जाते, तिला सांभाळल्याशिवाय मूल सांभाळले जाणार नाही.

चार. महिना उलटूनही झोप, भूक, शाळा सुधारत नसेल, किंवा मरणाची भाषा ऐकू आली, तर एक दिवसही न थांबता सरकारी रुग्णालयात न्या. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. मुलाला कोणापासून धोका असेल तर १०९८.

पाच. विहारात वंदना झाल्यावर तरुणांना अर्धा तास बोलू द्या, आणि मोठ्यांनी त्या वेळात फक्त ऐकावे. हे सर्वांत अवघड आहे, मी अनुभवाने सांगतो!

आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे की, उधाणाने बांधाला खांड पडली तर एकट्याने ती बुजत नाही. ज्याचे शेत बांधालगत आहे तोही येतो, ज्याचे दूर आहे तोही येतो. आणि खांड कुठे पडली हे आधी त्याच्याकडून समजून घ्यावे लागते, ज्याच्या शेतात पाणी शिरले आहे.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती त्या वर्षी गावातच राहिली. म्हातारी काही महिने त्यांच्या घरी झोपायला जात असे. आईला आम्ही रुग्णालयात नेले, आणि त्या वेळी मुलगी बरोबर होती, कारण आईची प्रकृती डॉक्टरला तिनेच सांगितली. पुढच्या जूनमध्ये ती स्वतः विहारात आली आणि म्हणाली, "आता मी जाते. पण खिडकी रस्त्याकडची नको." आम्ही वसतिगृहाच्या प्रमुखांना तेवढीच एक विनंती केली, आणि त्यांनी ती मान्य केली.

पहिल्या वेळी आम्ही तिच्यासाठी सर्व काही केले होते, फक्त खिडकीचे विचारले नव्हते. तुमच्या घरातल्या, तुमच्या शेजारच्या मुलाची खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे आज रात्री त्याच्याजवळ बसून विचारा.

जय भीम!